अर्ज मुलाचा, पासवर्ड बाबांचा

फेब्रुवारी लागला की टेक्सासातल्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा कागद शाळेतून येतो, त्यात काही विषयांपुढे ‘ड्युअल क्रेडिट’ असं छापलेलं असतं, आणि मग हळदीकुंकवाला वाण हातात घेता घेता विचारपूस सुरू होते, “तुमच्याकडे किती तास झाले?” पूर्वी “किती टक्के पडले?” विचारायचे, अगदी त्याच सुरात. तास म्हणजे क्रेडिटचे तास, कॉलेजचा अभ्यास किती झाला ते मोजायचं माप. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा एखादा कोर्स करायचा आणि त्या एकाच कोर्सचं फळ शाळेच्याही खात्यात आणि कॉलेजच्याही खात्यात जमा करायचं, हे ड्युअल क्रेडिट. २०१५ सालच्या कायद्यानं किती कोर्स घ्यायचे आणि कितव्या इयत्तेपासून घ्यायचे यावरची बंधनं टेक्सासात उठली, तेव्हापासून ही विचारपूस जरा जास्तच वाढली आहे.

मी डॅलसच्या आसपासच्या एका कम्युनिटी कॉलेजात सतरा वर्षं सल्लागाराच्या खिडकीत बसले. आता निवृत्त आहे, पण पत्रं मात्र वाढलीत. या वेळची सगळी पत्रं याच एका विषयावरची. थोडी काटछाट करून देते आहे.

“ताई, मुलगा पुढच्या वर्षी अकरावीत जाईल. त्याला वेळ नसतो, म्हणून अप्लायटेक्सास या वेबसाइटवरचा त्याचा कॉलेजचा अर्ज मीच रात्री जागून भरला. तीन आठवडे झाले तरी कॉलेजकडून काही नाही. टीएसआय ही कॉलेजच्या तयारीची परीक्षा तो पास झालाय, तेही मार्क तिथे दिसत नाहीत. फोन केला तर बाई म्हणाल्या, मुलालाच बोलायला सांगा. सोळा वर्षांच्या पोराशी बोलणार आणि बापाशी नाही? आता काय करू?” — एक बाबा, केटी

दादा, आधी एक प्रश्न. अर्जात मुलाची जन्मतारीख कशी लिहिलीत?

हसू नका, आमच्याच घरात झालेला घोटाळा सांगते. माझ्या थोरल्याचा वाढदिवस ८ मे. तो अकरावीत जाणार होता तेव्हा त्याचा अर्ज यांनी भरला. मी त्याच क्षेत्रातली, पण घरी आल्यावर मला त्या अर्जांचं तोंड बघायची इच्छा नसायची. यांनी आपल्या सवयीनं आधी दिवस, मग महिना असं लिहिलं, ०८/०५. इथल्या कॉम्प्युटरनं ते ५ ऑगस्ट म्हणून घेतलं. परीक्षेला मुलगा स्वतः बसला, त्यानं इथल्या पद्धतीनं ०५/०८ लिहिलं. झालं, कॉलेजच्या दप्तरी एकाच नावाची दोन मुलं तयार झाली. एकाकडे अर्ज होता पण मार्क नव्हते, दुसऱ्याकडे मार्क होते पण अर्ज नव्हता. हे लक्षात यायला दोन आठवडे गेले आणि निस्तरायला आणखी एक. तेवढ्यात इंग्लिशच्या वर्गाच्या जागा भरल्या. त्या वर्षी त्यानं शाळेतलंच इंग्लिश केलं आणि घरात महिनाभर कुणी जन्मतारखेचा विषय काढला नाही.

नावाचंही तेच. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. पासपोर्टवर ते असतं, शाळेत नाव घालताना कुणीतरी गाळलेलं असतं, आणि काही पासपोर्टांवर तर आडनावाची जागा रिकामी ठेवून सगळं नाव एकाच ओळीत कोंबलेलं असतं. शाळेचं रेकॉर्ड, अर्ज आणि परीक्षेचं खातं या तिन्हींवर नाव आणि तारीख अक्षरशः एकसारखी हवी. तुमच्या मुलाचे मार्क दिसत नाहीत म्हणजे दहापैकी आठ वेळा गाठ इथेच पडलेली असते. आणि ती सोडवायला दुसरा अर्ज भरू नका! तुमच्यासारखे हुशार बाबा हेच करतात आणि मग दप्तरी तिसरा मुलगा जन्माला येतो. मुलानं फोटोचं ओळखपत्र घेऊन अॅडमिशनच्या खिडकीत जायचं आणि “माझी दोन रेकॉर्ड झालीत का बघा” एवढंच म्हणायचं.

आता तुमचा खरा राग. तुमच्याशी कॉलेज बोलत नाही, कारण १९७४चा फेर्पा नावाचा केंद्रीय कायदा. शाळेच्या कागदपत्रांवर मूल अठराचं होईपर्यंत हक्क आईबापांचा. पण मूल कॉलेजात दाखल झालं की कॉलेजच्या कागदपत्रांवरचा हक्क त्याचा, मग ते सोळाचं का असेना. तुम्ही फी भरता की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. वाट अगदीच बंद असते असं नाही. मुलानं संमतीपत्रावर सही केली तर कॉलेज तुमच्याशी बोलेल. तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये तो अवलंबून दाखवला असेल तर कॉलेजला सांगायची मुभा आहे, सक्ती नाही. आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकात जो ग्रेड उमटतो तो तुम्हाला बघता येतोच.

पण माझं ऐकाल तर त्या बाईंनी सांगितलं तेच करा. माझ्या खिडकीसमोरचं एक दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. वडील खुर्चीत पुढे सरसावून बसलेले, हातात निळी फाइल, तिच्यात आधीच्या पाच वर्षांची प्रगतिपुस्तकं रंगीत चिठ्ठ्या लावून ठेवलेली. मुलगी त्यांच्या मागे उभी, नजर स्वतःच्या बुटांवर. मी तिला विचारलं, “तुला कुठला विषय घ्यायचाय?” वडील म्हणाले, “इकॉनॉमिक्स.” मी परत तिच्याकडे बघून विचारलं, तेव्हाही वडीलच म्हणाले, “इकॉनॉमिक्स, मॅक्रो.” नोव्हेंबरात तीच मुलगी एकटी आली. वर्गात जाणं तिनं सप्टेंबरातच सोडलं होतं. तिला वाटलं होतं, शाळेत विषय बदलतात तसं गेलं नाही की नाव आपोआप निघतं. तसं होत नाही, एफ लागतो, म्हणजे नापास. सेमिस्टरच्या बाराव्या दिवसापर्यंत कोर्स सोडला तर त्याचा मागमूस राहत नाही. त्यानंतर सोडला तर कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, कोर्स सोडल्याचा डब्ल्यू येतो, आणि डब्ल्यूचीही एक शेवटची तारीख असते. ती तारीख गेली होती. कॉलेजनं तिच्या ईमेलवर तीन वेळा कळवलं होतं, पण त्या ईमेलचा पासवर्ड वडिलांकडे होता.

म्हणून आज संध्याकाळी जेवणं झाली की पासवर्ड त्याच्या हवाली करा. आणि खात्याला शाळेचा ईमेल दिला असेल तर तो बदलायला सांगा. शाळेचे ईमेल बाहेरची पत्रं कधीकधी अडवतात, आणि बारावी झाली की बंदच होतात.

“एपी घ्यावं की ड्युअल क्रेडिट? मुलीचा वर्गातला रँक चांगला आहे. तिला डॉक्टर व्हायचंय. इथे सगळ्या आया वेगवेगळं सांगतात.” — एक आई, फ्रिस्को

सगळ्या आया आपापल्या मुलांपुरतं खरंच सांगत असतात, म्हणून गोंधळ होतो.

एपी, म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हा शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या तोडीचा कोर्स. शेवटी मे महिन्यात एक परीक्षा, १ ते ५ गुण. कॉलेजचं क्रेडिट त्या एका दिवसावर ठरतं. गुण पडले नाहीत तर ते पुढच्या विद्यापीठाला दाखवायलाच हवेत असं नाही. ड्युअल क्रेडिटमध्ये परीक्षेचा एक दिवस नसतो. चार महिन्यांचं काम असतं आणि त्याचा जो ग्रेड लागेल तो कॉलेजच्या कायमच्या ट्रान्सक्रिप्टवर. परीक्षेला घाबरणाऱ्या पण रोजचं काम नेटानं करणाऱ्या मुलांना हे मानवतं. शेवटच्या आठवड्यात पेटून उठणाऱ्यांना एपी बरं. (आमच्याकडे दोन्ही प्रकार होते. दुसरा प्रकार यांच्या माहेरचा… म्हणजे सासरचा.)

तुम्ही रँकचा उल्लेख केलात, तर स्कूल डिस्ट्रिक्टचं कोर्स कॅटलॉग काढून एकच गोष्ट बघा. जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, एपीला किती वजन आणि ड्युअल क्रेडिटला किती. काही डिस्ट्रिक्ट दोन्ही सारखी धरतात, काही एपीला वरची पायरी देतात. १९९७च्या कायद्यानं वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांना टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश आहे. यूटी ऑस्टिन, म्हणजे ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठापुरता तो आकडा सहा टक्के होता, २०२६च्या फॉल सेमिस्टरपासून पाच झाला. रँकमध्ये दशांश चिन्हानंतरचे आकडे मोजणाऱ्या शाळांत हे वजन फार महागात पडू शकतं. बरं, हा प्रवेश विद्यापीठात मिळतो. हव्या त्या मेजरमध्ये, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयात, मिळेलच असं नाही.

आणि डॉक्टर व्हायचंय, तर ही गोष्ट लाल शाईनं लिहून ठेवा. मेडिकलच्या अर्जात, देशभरच्या अॅमकासमध्ये काय किंवा टेक्सासच्या टीएमडीएसएएसमध्ये काय, कॉलेजचा प्रत्येक कोर्स मोजला जातो, हायस्कूलमध्ये असताना केलेलासुद्धा. सोळाव्या वर्षी इतिहासात लागलेला सी बाविसाव्या वर्षी तिच्या जीपीएत येऊन बसतो. बॅचलर्स करायला ती ज्या विद्यापीठात जाईल तिथे बहुधा फक्त क्रेडिट येतं, ग्रेड तिथल्या जीपीएत धरत नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं की जुनं पुसलं गेलं. मेडिकलवाले सगळ्या ट्रान्सक्रिप्ट मागवतात. शिवाय बायॉलॉजी-केमिस्ट्रीसारखे विषय चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले त्यांना जास्त आवडतात असं माझ्यासमोरच्या मुलांचा अनुभव सांगतो. ते विषय मी तिच्यासाठी ड्युअल क्रेडिटमध्ये घेतले नसते. गव्हर्नमेंट, इकॉनॉमिक्स खुशाल घ्यावेत.

एक मधली वाटही आहे. तुमच्या शाळेत यूटी ऑस्टिनचा ऑनरॅम्प्स नावाचा कार्यक्रम असेल तर बघा. त्यात कॉलेजचा ग्रेड कळल्यावर तो घ्यायचा की नाही हे मूल ठरवतं. घेतला तर ट्रान्सक्रिप्टवर, नाही घेतला तर विषय तिथेच संपला.

टेक्सासबाहेरच्या खाजगी विद्यापीठांची आशा असेल तर क्रेडिटवर भिस्त ठेवू नका. शाळेच्या पदवीसाठी मोजलेला कोर्स अनेक ठिकाणी परत मोजत नाहीत. इथल्या कम्युनिटी कॉलेजांत मात्र हिस्टरी १३०१, गव्हर्नमेंट २३०५ असे क्रमांक राज्यभर एकच आहेत. पहिला आकडा वर्ष, दुसरा क्रेडिटचे तास. बेचाळीस तासांचं सामायिक कोअर, म्हणजे सगळ्यांनाच करावे लागणारे पायाभूत विषय, असतं, ते एका सरकारी कॉलेजात पुरं केलं तर दुसऱ्यानं मान्य करायचं. हा या पद्धतीतला सगळ्यात शहाणपणाचा भाग.

“मावशी, मी रविवारच्या मराठी शाळेत शिकले म्हणून मराठीत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. मी दहावीत आहे. बाबा म्हणतात पुढच्या वर्षी चार ड्युअल क्रेडिट घे, कारण त्यांच्या मित्राच्या मुलीने घेतले. मी मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. टीएसआयमध्ये माझं इंग्लिश झालं पण गणितात ९४६ आले. मी नापास झाले का? आणि बाबांना कसं सांगू?” — ऑस्टिनजवळची एक मैत्रीण

तुझं मराठी माझ्या मुलांपेक्षा चांगलं आहे, त्यामुळे चुका बघायला मी चष्मा लावलाच नाही.

नापास-बिपास काही नाही. टीएसआय ही कुणाला गाळायची परीक्षा नाही, तू कॉलेजच्या वर्गात बसायला तयार आहेस का एवढंच ती बघते. गणितात ९५० लागतात. त्याखाली आलं की लगेच पुढे प्रश्नांचा दुसरा भाग येतो, आठवतं? त्यात सहावी पातळी मिळाली तर ९४६ लाही पास धरतात. तुझ्या निकालावर ती पातळी छापलेली आहे, बघ आधी. सहा असेल तर तू पास आहेस आणि तुला कुणी सांगितलेलंच नाही! पाच असेल तर परत बस. परीक्षेला वेळेचं बंधन नसतं, पण बरीच मुलं शेवटी कंटाळून भराभर टिचक्या मारतात. आणि पुढची उत्तरं चुकली की यंत्र सोपे प्रश्न द्यायला लागतं, सोप्या प्रश्नांनी आकडा वर जात नाही. कॅल्क्युलेटर काही प्रश्नांनाच पडद्यावर येतो, तो नाही आला म्हणून घाबरू नकोस. एसएटीच्या गणितात ५३० मिळवलेस तरी ही अट सुटते.

पण खरी गंमत अशी की पुढच्या वर्षी तुला गणिताची गरजच नाही. इतिहासाच्या कोर्सला वाचन-लेखनाची तयारी बघतात. तुझं ते झालंय. अकरावीत अमेरिकेचा इतिहास करायचाच असतो, तोच कॉलेजचा घे. फॉलमध्ये १३०१, त्यात १८७७ पर्यंतचा काळ, आणि स्प्रिंगमध्ये १३०२, तिथून पुढचा. झाला एक विषय आणि सहा तास.

आता बाबा. त्यांना भाषण देऊ नकोस, एक कागद दे. सोमवार ते रविवार सात रकाने काढ. बँडचा सराव भर, शुक्रवारचे फुटबॉलचे सामने भर, ऑक्टोबरातल्या शनिवारच्या स्पर्धा भर, झोप भर. मग हे सांग: तीन तासांच्या एका कोर्सला आठवड्याचे तीन तास वर्गात आणि साधारण सहा तास घरी. एकाला नऊ, चाराला छत्तीस. ते छत्तीस तास कुठल्या रकान्यात बसवायचे ते बाबांनाच पेन्सिलीनं लिहून दाखवायला सांग. इंजिनियर असतील तर फार वेळ लागणार नाही.

उन्हाळ्यात घे असं कुणी सुचवेल. पाच आठवड्यांच्या उन्हाळी कोर्समध्ये सोळा आठवड्यांचं सगळं काम असतं. त्या महिन्यात भारतात जायची तिकिटं असतील तर विसरच. साताऱ्याच्या गच्चीवर फोनचं इंटरनेट धरून निबंध पाठवणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या ईमेल पाहिल्या आहेत. मुदत टेक्सासच्या घड्याळानं रात्री ११:५९ ची असते.

कोर्स सुरू झाला की पहिल्या दिवशी सिलॅबस मिळेल. सहा-सात पानांचा असतो, कुणी वाचत नाही. तू वाच आणि सगळ्या तारखा बँडच्या कॅलेंडरशेजारी लिही. दोन तारखा एकाच दिवशी आल्या तर आधीच प्राध्यापकांना लिही. नंतर लिहिलेलं चालत नाही. आईची चिठ्ठी तर मुळीच चालत नाही.

“आम्ही एच-४ वर आहोत, म्हणजे यांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, आणि मुलाला तो एकविसाव्या वर्षापर्यंतच. मुलगा सोळाचा आहे, ग्रीन कार्डाची रांग कधी संपेल कोण जाणे. एकविसाव्या वर्षाआधी डिग्री हातात पडावी म्हणून शक्य तितके ड्युअल क्रेडिट घ्यायचं ठरवलंय, साठ तास. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात, तो त्याला नाही. चालेल का?” — एक आई, आयर्विंग

नंबराचं आधी, कारण ते सोपं. नसेल तर रिकामं सोडा. शून्यं भरू नका, आणि टॅक्ससाठी मिळालेला आयटीआयएन त्या चौकटीत घालू नका. कॉलेज स्वतःचा विद्यार्थी क्रमांक देतं. पुढे टेक्सासात राहण्याबद्दलचे प्रश्न येतील, ते मात्र नीट भरा. एच-४ वरच्या मुलांनाही टेक्सासचे रहिवासी ठरता येतं, त्यासाठी आईवडिलांचं इथलं बारा महिन्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं. घराचा करार आणि व्हिसाची मंजुरीपत्रं स्कॅन करून तयार ठेवा. ड्युअल क्रेडिटची फी तुमच्या कॉलेजात माफ असली तरी हा भाग अर्धवट सोडू नका.

वर्ग कॉलेजच्या आवारात असेल तर मेनिंजायटिसच्या लसीचा कागदही मागतील. वर्ग सुरू व्हायच्या किमान दहा दिवस आधी आणि पाच वर्षांच्या आत घेतलेली हवी. गंमत अशी की इथल्या शाळा ती सातवीत मागतात आणि बारावीत जाईपर्यंत पाच वर्षं उलटलेली असतात. लस घेतलीय हो, असं म्हणून आया भांडतात, आणि घेतलेली असतेच, फक्त तारीख गेलेली असते. शाळेतच किंवा फक्त ऑनलाइन शिकणाऱ्याला हा कागद लागत नाही.

आता साठ तास. बाई, तुमची घाई मला कळते. खिडकीसमोर एकविसाव्या वाढदिवसाचं गणित मांडणारे आईबाप मी वर्षानुवर्षं पाहिले. त्यांच्यापुढे “सावकाश जाऊ द्या” म्हणायचा धीर मला होत नसे. पण साठ तासांनी दोन वर्षं वाचतातच असं नाही. मुलाला काय करायचंय ते तुम्ही लिहिलं नाही. इंजिनियरिंग असेल तर कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय दोन नाही, ते झाल्याशिवाय पुढचं फिजिक्स नाही, त्याशिवाय मेजरचे विषय नाहीत. ही साखळी इतिहास-गव्हर्नमेंट आधी उरकल्यानं आखूड होत नाही. होतं ते उलटंच. पानातली चटणी-कोशिंबीर आधीच संपवल्यासारखं, पुढे नुसता भात. प्रत्येक सेमिस्टरला सगळेच अवघड विषय, कारण हलके उरलेलेच नाहीत. आणि एकविसाव्या वर्षी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागलं तर सेमिस्टरला पूर्णवेळाचे बारा तास दाखवावे लागतात. तेव्हा ते बारा तास कशानं भरायचे?

बिझनेस, अकाउंटिंग, सायकॉलॉजी असल्या मेजरना मात्र साठ तास खरोखर कामाला येतात. म्हणून आधी त्याला जे करायचंय त्या मेजरचा चार वर्षांचा आराखडा विद्यापीठाच्या वेबसाइटवरून छापून घ्या आणि जे कोर्स त्यात नावानं आहेत तेवढ्यांवरच खूण करा. खूण न झालेले कोर्स कितीही फुकट असले तरी घेऊ नका. व्हिसाच्या तारखांसाठी वकिलाला गाठा. ते गणित माझ्यासारखीच्या भरवशावर करू नका.

“आमच्या वॉशिंग्टन राज्यात ड्युअल क्रेडिट नावाचं कुणी बोलत नाही. आम्ही मागे पडलो का?” — रेडमंड

तुमच्याकडे त्याचं नाव रनिंग स्टार्ट, १९९० पासून. अकरावी-बारावीच्या मुलांनी थेट कम्युनिटी कॉलेजात जायचं, शिकवणी फी माफ, पुस्तकं आणि किरकोळ शुल्क आपलं. मिनेसोटानं तर १९८५ सालीच असं काही सुरू केलं. शाळेच्या काउन्सेलरला रनिंग स्टार्ट हे नाव सांगा, कागद लगेच मिळतील.

“मी सहा महिने लेकीकडे आलो आहे. नात अकरावीत आहे. मंगळवारी आणि गुरुवारी ती अकरा वाजताच घरी येते. लेक म्हणते ती कॉलेज करते. आमच्याकडे अकरावीला कॉलेजच असतं, त्यात काय विशेष? पण अकरा वाजता घरी? पोरगी शाळा बुडवते काय, खरं सांगा.” — एक आजोबा, मूळ गाव साताऱ्याजवळ

आजोबा, नमस्कार. बुडवत नाही, निर्धास्त राहा.

आपल्या अकरावीला ज्युनिअर कॉलेज म्हणतात खरं, पण अभ्यासक्रम बोर्डाचा. तुमच्या वेळची अकरावी मॅट्रिक आणि मग प्री-डिग्री आठवा, ते याच्या जास्त जवळचं. तुम्ही सोळा-सतराव्या वर्षी गाव सोडून कॉलेजच्या बाकावर बसलात तशी ही बसते आहे, फक्त ती शाळेतही परत येते. कॉलेजचा वर्ग आठवड्यातून दोनदाच भरतो किंवा ऑनलाइन असतो, म्हणून त्या दोन दिवशी शाळेचे तास तिला कमी. दुपारी ती परत शाळेत जाते का ते बघा. जात असेल तर सगळं ठीक.

लेकीनं सांगितलं नसेल तर सांगते, त्या दोन दिवसांत नात जे शिकते त्यात बहुधा इथल्या राज्यघटनेचा विषय असेल, गव्हर्नमेंट २३०५. तुम्ही रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारे दिसता. तिला विचारा, इथला राज्यपाल निवडून येतो, मग आपला का नाही? पोरगी अर्धा तास बोलेल. आणि अकरा वाजता आली की चहा जरूर टाका, पण तिच्या खोलीत कॉम्प्युटर उघडा दिसला आणि कानात बोंडं असली तर दारातून हाक मारू नका. तास चालू असतो, आणि मागच्या वेळी एका आजोबांचं “पोहे गार होतायत गं” आख्ख्या वर्गानं ऐकलं होतं.